कोसरु आणि ताजा कलम

एकवीस डिसेंबर १९९७, रविवार. बंगळूर, मल्लेश्वरम, आठव्या क्रॉसचा कोपरा. अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा दोन किलो, दहा रुपये भावाने वीस रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको सुमती आणि शेंगांची टोपली घेऊन बसणारी गौरम्मा. पैसे मी दिले. घासाघीस केली नाही. एरवी ते काम सुमतीचं, पण ती काही बोलली नाही, म्हणून भाव जसा सांगितला तसा दिला.

वजन झाल्यावर गौरम्माने मूठभर शेंगा वरून पिशवीत टाकल्या. याला इथे कोसरु म्हणतात. तागडीत न घातलेलं, हिशेबात न धरलेलं, तरीही गिऱ्हाइकाचं हक्काचं. टाकताना ती "हुडुगीगे" म्हणाली, म्हणजे 'मुलीला'. दरवर्षी असंच म्हणायची, कारण दरवर्षी आमची मुग्धा बरोबर असायची. शेंगा ती निवडायची, आणि डोळ्यांनी नव्हे, नाकाने. अवरेकाईवर दव पडलं की सालीला तेलकट चिकटपणा येतो आणि एक उग्र वास सुटतो. त्या वासाला सोगडु म्हणतात. ज्या शेंगेला सोगडु नाही ती मुग्धा परत टोपलीत टाकायची, आणि गौरम्मा म्हणायची, ही पोरगी माझं दुकान बुडवणार.

सुमतीने पिशवीत हात घातला, मूठभर शेंगा काढल्या, टोपलीत परत ठेवल्या आणि चालू लागली. गौरम्माने माझ्याकडे पाहिलं. मी कानडीत सांगितलं की मुलगी ऑगस्टमध्ये वारली, ताप मेंदूत गेला. तिने पदर तोंडावर धरला. मी पन्नासची नोट दिली होती, उरलेले तीस रुपये मोजून घेतले. मोजून घेतले हे मला आठवतं, आणि त्या वेळी कसे मोजता आले ते मला अजून कळलेलं नाही.

आता पुन्हा डिसेंबर आहे, १९९९चा. कोपऱ्यावरून येताना तो वास आधी येतो, मग टोपल्या दिसतात. इथल्या माणसाला थंडी पडल्याचं स्वेटरपेक्षा हा वासच अगोदर सांगतो. बसमध्ये लोकांच्या बोटांना तो असतो, कचेरीत डबे उघडले की असतो, रस्त्याच्या कडेला टरफलांचे ढीग पडतात आणि गाई ते चघळत उभ्या राहतात. तीन महिने घरोघर अवरे. सारात अवरे, उपम्यात अवरे, भाकरीत अवरे. बाहेरून आलेल्या माणसाला हे वेड वाटतं. सुमतीलाही वाटलं होतं.

ती साताऱ्याची. आमचं घराणं मात्र कित्येक पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी बोलतो, पण ते मराठी ऐकून ती लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "तुमचं मराठी मला कळतं, पण ते कुणाचं आहे ते कळत नाही." आम्ही 'थोडं' म्हणायच्या जागी 'स्वल्प' म्हणतो, 'बरं'च्या जागी 'सरी'. मुग्धा मला अण्णा म्हणायची, आणि आईशी साताऱ्याचं, माझ्याशी बंगळूरचं मराठी बोलायची. दोन्हींमध्ये काही अडायचं नाही तिचं. सुमतीला मात्र लेकीशिवाय तिच्या पद्धतीने चार शब्द बोलायला माणूस नव्हतं. वीस वर्षं तिने ते चालवून घेतलं.

मग घरात कॉम्प्युटर आला. माझ्या कचेरीत जुनी यंत्रं काढून टाकत होते, त्यातलं एक मुग्धाच्या शिक्षणासाठी घेतलं. टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल येऊ-जाऊ लागलं. मुग्धाने कुठून तरी 'ओटा' शोधून काढला. ओटा म्हणजे परगावी राहणाऱ्या मराठी माणसांची ई-मेलवरची बैठक. एकाने पत्र लिहिलं की ते सगळ्यांना जायचं. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असे. उषाताई म्हणून मस्कतच्या एक बाई तो सांभाळायच्या. नियम त्यांचे: पत्राची सुरुवात आज घरात काय शिजलं यानेच करायची. मग दिवसातली एक गोष्ट सांगायची. आणि शेवटी, आधी ज्याने लिहिलं असेल त्याला दोन बरे शब्द. उपदेश बंद. पाककृतीतून केला तर चालेल.

सुमतीला टाइप करता येत नव्हतं, आणि संध्याकाळी तिचे हात कामात असायचे. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सांगायची, मुग्धा हॉलच्या कोपऱ्यात टाइप करायची, आणि शेवटी आईला न विचारता स्वतःचा ताजा कलम जोडायची. अमेरिकेत कुठल्याशा बर्फाळ गावात शिकणाऱ्या नंदनने एकदा लिहिलं की त्याचा भात करपला. सुमतीने दहा ओळींचा धीर दिला. खाली मुग्धाने लिहिलं: "ता.क. नंदनदादा, कुकरमध्ये पाणी घालतात. आई सांगायला विसरली." दुसऱ्या एका पत्राखाली: "ता.क. आई सांगते ती भाजी तिने केलेली नाही. अण्णांनी हॉटेलातून आणली." लोक सुमतीची पत्रं वाचायचे ते ताजा कलमासाठी, असं उषाताईंनी उघड लिहिलं होतं. सुमती म्हणाली, "मेली, माझ्या नावावर स्वतःचं दुकान चालवते."

मी त्या सगळ्यात नव्हतो. मी फोनचं बिल भरत होतो. जोडणी जितकी कमी वेळ, तितकं बिल कमी. म्हणून मी पद्धत अशी ठरवून दिली होती: जोडायचं, आलेली पत्रं उतरवून घ्यायची, तोडायचं. वाचायचं, उत्तर लिहायचं, पुन्हा जोडून पाठवायचं, तोडायचं. मुग्धा म्हणायची, "अण्णा, तुम्ही श्वाससुद्धा असाच घेता का, जोडून-तोडून?"

ऑगस्टनंतरचं फार लिहिण्यासारखं नाही. माणसं आली, गेली. सुमती रडत नव्हती आणि बोलत नव्हती. 'पाणी तापलंय', 'दूधवाला आला', एवढंच. तिची बहीण साताऱ्याहून आली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, तिला एकदा तोंडाने म्हणू दे, की गेली. म्हणल्याशिवाय सुटायची नाही ती." मी म्हणालो, सरी. पण म्हणायला लावायचं कसं, ते तिनेही सांगितलं नाही. आणि मी तरी कुठे म्हणत होतो. जिथे सांगावं लागलं तिथे सांगितलं, रेशनच्या कचेरीत नाव कमी करताना सांगावं तसं.

लोक विचारायचे, कसे आहात. मला काहीच होत नव्हतं, हे कसं सांगणार. हातावर झोपलं की हात जसा आपला वाटत नाही, दुसऱ्या हाताने उचलून ठेवावा लागतो, तसं सगळं होतं. मी हिशेब तपासणीच्या कामातला माणूस. त्या सप्टेंबरला सहामाहीचा ताळमेळ पहिल्या झटक्यात जुळला. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे राव म्हणाले, "काय सार, यंदा देव पावला." मी हो म्हणालो.

कॉम्प्युटरवरचं कापडी आच्छादन कोणी उचललं नव्हतं. मी त्यावरची धूळ झटकायचो, बस.

१९९७च्या त्या रविवारी आम्ही शेंगा सोलल्या. दाणे रात्री भिजत घातले. सोमवारी संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर सुमती परात घेऊन उंबऱ्याशी बसली होती. भिजलेला दाणा दोन बोटांत धरून दाबला की आतली डाळ सुळकन बाहेर उडते आणि साल बोटांत राहते. याला हितुकबेळे म्हणतात. एकेक दाणा करावा लागतो. तासभर बसलं तर एक भांडं भरतं. मी चपला काढत होतो. ती परातीकडेच बघत म्हणाली, "ओट्यावर काही आलंय का, बघा तरी."

चार महिन्यांत तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी आच्छादन काढलं.

पत्रं पुष्कळ साचली होती. माझ्या पद्धतीने उतरवून घेतली, तोडलं, आणि वाचून दाखवू लागलो. कुणाकडे दिवाळीची चकली मऊ पडली होती. उषाताईंनी दोनदा विचारलं होतं, सुमतीताई गप्प का, फोन मेला का. मग स्वतःच उत्तर दिलं होतं की बंगळूरचे फोन असेच. ओट्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. कळवायचं तर मी कळवू शकलो असतो. पण तो ओटा सुमतीचा. तिच्या माणसांना तिच्या आधी मी सांगायचं, हे मला बरोबर वाटलं नाही.

वाचून झालं. ती म्हणाली, "लिहा."

मी बसलो. मुग्धाच्या त्या खुर्चीत मी तोवर कधी बसलो नव्हतो, पत्रंही उभ्यानेच वाचली होती. माझ्या उंचीला ती फार वर केलेली होती.

"आज हितुकबेळे. अजून भांडं भरायचंय. थंडी बरी आहे. गवळ्याने गाय विकली, आता बाटलीतलं दूध घ्यावं लागेल. नंदन, बर्फात बाहेर पडताना कानाला गुंडाळत जा. झालं?"

"झालं."

"मग पाठवा."

पत्राखाली जागा रिकामी होती. तिलाही ते माहीत होतं, कारण तिची बोटं परातीत थांबली होती. मी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उषाताईंचं पत्र. आज मस्कतला खिचडी. सुमतीताई आल्या, ओटा भरला. आणि मग: "पण ताजा कलम कुठाय? मुग्धाबाई संपावर गेल्या का?" मी ते वाचून दाखवलं. गाळायचं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण जे आलंय ते सगळं वाचायचं, हीच मला सवय. सुमतीच्या बोटांतून एक डाळ उडून लांब जमिनीवर पडली. तिने ती उचलली. म्हणाली, "पुढे वाचा."

असं तीन आठवडे चाललं. मी आलो की परात, मग पत्रं, मग "लिहा". ती जे घरात बोलत नव्हती ते तिथे बोलत होती. तिला रस्त्यावरच्या शाळेची घंटा नकोशी वाटते, हे मला मस्कतला जाणाऱ्या पत्रातून कळलं. तिला साताऱ्याला जावंसं वाटतं आणि वाटतही नाही, हे अमेरिकेला जाणाऱ्या पत्रातून. दहा पावलांच्या अंतरावरचा मी, पण माझ्यापर्यंत तिचं बोलणं सगळं जग फिरून येत होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं. अक्षर चुकू नये एवढं मी बघत होतो.

आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात कुणीतरी विचारायचं. मुग्धाचा अभ्यास कसा चाललाय. मुग्धाला सांगा, माझा भात सुटा झाला. सुमती त्याला उत्तर देत नव्हती. खोटंही सांगत नव्हती. मला वाटू लागलं की हे असंच राहणार. ओट्यावर मुग्धा अभ्यासाला बसलेली असेल, आणि आम्ही तिच्या खोलीबाहेर, आवाज न करता वावरत राहू.

संक्रांत आली. इथे त्या दिवशी मुली नवे कपडे घालून घरोघर ताटल्या घेऊन जातात, तीळ, गूळ, खोबरं, दाणे यांचं मिश्रण वाटतात. दुखवट्याच्या वर्षात आमच्याकडे काही करायचं नव्हतं आणि आमच्याकडे कोणी येणारही नव्हतं. फाटकापुढून ताटल्या जात राहिल्या. सुमतीने पुढचं दार लावून घेतलं आणि परात घेतली.

त्या संध्याकाळी नंदनचं पत्र होतं. त्याने काय शिजलं ते लिहिलंच नव्हतं. तो दोन विषयांत नापास झाला होता. शिष्यवृत्ती जाणार होती. खोलीबाहेर पडला नव्हता. "घरी कसं सांगू ते कळत नाही. रोज फोन हातात घेतो आणि ठेवतो. बाबांना वाटतंय मी पास झालोय. सांगितलं नाही तोवर ते खरं नाही असं वाटत राहतं. सुमतीताई, काय करू?"

सुमती बराच वेळ दाणे दाबत होती.

"लिहा," ती म्हणाली. "नंदन, आज हितुकबेळे. तू आधी काहीतरी खा. मग फोन कर आणि एका वाक्यात सांग. आढेवेढे घेतलेस तर वाक्य लांबत जातं आणि घशात अडकतं. मला ठाऊक आहे. मी ऑगस्टपासून अडकून बसले आहे."

मी टाइप करत होतो.

"आता मी सांगते, मग तू सांग. आमची मुग्धा ऑगस्टमध्ये तापाने गेली."

माझी बोटं थांबली.

"झालं?"

मी हात मांडीवर घेतले.

"अहो, झालं का?"

"नाही," मी म्हणालो. "मला जमत नाहीये."

तिने हात पदराला पुसले, आली, मला उठवलं आणि त्या उंच खुर्चीवर बसली. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, तिने ते वाक्य लिहिलं. मी उभा राहून अक्षर दाखवत होतो. 'एम' इथे. 'जी' त्या ओळीत. अवरेच्या साली तिच्या बोटांना चिकटलेल्या होत्या, त्या कळांवर राहिल्या. वाक्य पुरं झालं तेव्हा तिने ते मोठ्याने वाचलं. एकदा माझ्यासाठी, आणि मग पुन्हा एकदा, बहुतेक स्वतःसाठी. मग म्हणाली, "जोडा आता. पाठवायचं मला येत नाही."

पत्र गेल्यावर ती तिथेच बसून रडली. मी परात उचलून स्वयंपाकघरात ठेवली, उरलेल्या दाण्यांवर ताटली झाकली.

दोन दिवस ओटा रिकामा होता. एकही पत्र नाही. तिसऱ्या दिवशी दोन आली. नंदनचं छोटं होतं. "आज मॅगी. घरी फोन केला. एका वाक्यात सांगितलं. बाबा म्हणाले, पुन्हा बस परीक्षेला, पैशाचं मी बघतो. सुमतीताई, मुग्धाने मला कुकर शिकवला. मला आणखी काही लिहिता येत नाही."

उषाताईंचं पत्र नियमाने सुरू झालं होतं. "आज आमच्याकडे काही शिजलं नाही." पुढे एक कोरी ओळ. सांत्वनाचे शब्द त्यांनी घातले नव्हते. मुग्धाचे जुने ताजा कलम तेवढे एकाखाली एक उतरवून काढले होते, सगळे. कुकरचा, हॉटेलातल्या भाजीचा, मी विसरलेले कितीतरी. मी ते वाचले. सुमती एके ठिकाणी हसली. मग शेवटचा परिच्छेद आला, आणि तो मी डोळ्यांनी पुढे वाचण्याआधीच तोंडाने वाचायला लागलो होतो.

"आणि सुमतीताई, एक विचारते. तुमचे हात परातीत असतात. मग डिसेंबरपासून ही पत्रं टाइप कोण करतंय? एक अक्षर चुकत नाही, आणि स्वतःचं एक अक्षर नाही. जे कोणी आहेत त्यांना सांगा, ओट्यावर फुकट बसता येत नाही. त्यांनी आज काय खाल्लं, ते खाली लिहावं."

मी उठून पाणी प्यायलो. ऑगस्टपासून लोकांनी मला सुमतीबद्दल विचारलं होतं. तिला सांभाळा, तिला एकटं सोडू नका. त्यात चूक काही नव्हती. पण मी काय खाल्लं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही ते आठवत नव्हतं.

"लिहा ना," सुमती म्हणाली. "मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही लिहा."

मी बसलो. काय खाल्लं ते आठवायचा प्रयत्न केला. दुपारच्या डब्यात हितुकबेळेचं सार होतं आणि भात. कसं होतं? ते आठवायला लागलो, आणि जिभेवर काहीतरी आलं. मी लिहिलं: "ता.क. मी मुग्धाचा वडील. आज सार-भात. दोन वाट्या सार. मीठ स्वल्प कमी होतं."

सुमती मागे येऊन उभी होती. वाचून म्हणाली, "कमी होतं तर सांगायचं."

"ऑगस्टपासून कमी आहे," मी म्हणालो. मला ते म्हणेपर्यंत माहीत नव्हतं.

"आणि रोज खाताय?"

"हो."

"माणूस आहात की डबा?" असं म्हणून ती आत गेली. मिठाचा डबा उघडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पत्र न पाठवता बसून राहिलो. जोडणी चालू राहिली होती, पद्धत सोडून, बराच वेळ, आणि मी पडद्यावरच्या त्या तीन ओळींकडे बघत होतो. रडलो म्हणावं असं काही नाही. हाताला मुंग्या येतात तसं काहीसं होत होतं, एवढंच सांगू शकतो.

त्याला आता दोन वर्षं होत आली. बरं झालं असं म्हणणार नाही. पुष्कळ दिवस अजूनही हात झोपलेलाच असतो. ज्या माणसांना आम्ही कधी पाहिलं नाही आणि बहुधा पाहणारही नाही, त्यांना रोज काय शिजलं ते सांगून काय होतं, असं कचेरीत राव विचारतात. एवढं आहे की सांगायचं असल्यामुळे चव बघावी लागते. नंदन पास झाला, नोकरीला लागला, अजून भात करपवतो. उषाताईंनी ताजा कलम माझ्याकडे लावून दिला आहे. माझ्या ताजा कलमांना कोणी हसत नाही. त्यात मीठ, तिखट आणि पाऊस एवढंच असतं. खुर्ची मी अजून खाली केलेली नाही.

मागच्या डिसेंबरला गौरम्माने आमच्या पिशवीत कोसरु टाकला नव्हता. टोपलीकडे गेलेला हात तिने आवरला, मी पाहिलं. आम्हाला दुखू नये म्हणून. आम्ही तसेच घरी आलो.

आजही ती त्याच कोपऱ्यावर होती. सुमतीने एक शेंग उचलली, नाकाला लावली, परत टाकली. दुसरी उचलली. मग तिने भाव विचारला. गौरम्मा म्हणाली पंधरा. सुमती तिच्या साताऱ्याच्या कानडीत म्हणाली, गेल्या वर्षी बारा होता, शेंगा काय सोन्याच्या झाल्या? गौरम्मा म्हणाली, अक्का, बसचं भाडं वाढलंय, तुम्हीच सांगा. शेवटी तेरावर तुटलं. दोन किलो तोलून पिशवीत पडल्या. मी पैसे काढले. सुमतीने मात्र पिशवीचं तोंड मिटलं नाही. तसंच उघडं धरून उभी राहिली.

"गौरम्मा," ती म्हणाली, "कोसरु? आमच्या हुडुगीचा?"

गौरम्माने तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात टोपलीत घातले.

गौरम्माला दिले सव्वीस रुपये. वरच्या ओंजळीचे तिने काही घेतले नाहीत, आणि मीही देऊ केले नाहीत.